‘आपण सगळे एकाच टोळीचे’ हा कबुलीजबाब नव्हे

१९९० साली लॉस एंजेलिसमधून एक सिंगल बाहेर पडलं. कलाकाराच्या जागी नाव होतं ‘द वेस्ट कोस्ट रॅप ऑल-स्टार्स’, आणि गाण्याचं नाव ‘वी आर ऑल इन द सेम गँग’: आपण सगळे एकाच टोळीचे. निर्मिती रॅपर आणि प्रोड्युसर डॉ. ड्रेची. त्याच्या एन.डब्ल्यू.ए. या गटातले ईझी-ई आणि एमसी रेन त्यात होते. शिवाय आइस-टी, किंग टी, अबव्ह द लॉ, टोन लोक, यंग एमसी, डिजिटल अंडरग्राउंड, जे. जे. फॅड, एमसी हॅमर अशी मोठी फौज. हा मेळ जमवणारा माणूस होता मायकेल कॉन्सेप्सिऑन. तो एकेकाळचा क्रिप्स टोळीतला बडा माणूस, गोळी लागल्यापासून व्हीलचेअरवर. गाण्यात आणि व्हिडिओत तोही आहे. क्रिप्स आणि त्यांची वैरी टोळी ब्लड्स यांनी एकमेकांची पोरं मारणं थांबवावं, एवढंच हे गाणं सांगतं. बिलबोर्डच्या रॅप सिंगल्सच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, ग्रॅमीसाठी त्याला नामांकनही मिळालं.

आता हेच गाणं पुरावा म्हणून वाचून पाहा. शीर्षकात टोळीचं सदस्यत्व मान्य केलंय. व्हिडिओत टोळीचा ज्ञात माणूस दिसतो आणि बाकीचे त्याच गाण्यात आपापली कडवी म्हणतात. म्हणजे ‘संबंध’ सिद्ध झाला. गेल्या काही दशकांत अमेरिकेतल्या कितीतरी फौजदारी खटल्यांत रॅप गाणी याच पद्धतीनं वाचली गेली आहेत. शांततेचं गाणं ज्या वाचनात गुन्ह्याची कबुली ठरू शकतं, ते वाचन मुळातच चुकीचं आहे. गँगस्टा रॅपचे, म्हणजे टोळ्यांच्या जगाविषयीच्या रॅपचे, शब्द आणि व्हिडिओतली हजेरी यांना गुन्ह्याचा पुरावा मानू नये. अपवाद करायचाच तर त्याच्या अटी फार कडक हव्यात. हे म्हणणं कलावंतांविषयीच्या प्रेमातून आलेलं नाही. असं गाणं बनतं कसं, हे पाहिलं की दुसरा निष्कर्ष निघत नाही.

पहिला प्रश्न गाण्यातल्या ‘मी’चा. १९८७ सालचं ‘बॉइझ-एन-द-हूड’ हे ईझी-ईच्या आवाजातलं गाणं गँगस्टा रॅपच्या पायाचा दगड मानलं जातं. त्यातला ‘मी’ गाडी घेऊन निघतो, मारामारी करतो, गोळ्या झाडतो. हे शब्द ईझीचे नाहीत. ते लिहिले आइस क्यूब या दुसऱ्या रॅपरनं, तेही न्यूयॉर्कच्या एका गटासाठी. त्या गटाला ते भावले नाहीत, म्हणून ड्रेनं ईझीला माइकसमोर उभं केलं. ईझीनं तोवर रॅप केलेलं नव्हतं. एकेक ओळ पंच-इन करत, म्हणजे ओळ चुकली की तेवढीच पुन्हा रेकॉर्ड करत, ते कडवं जोडलं गेलं. आणि ज्यानं ते लिहिलं तो क्यूब त्याच वर्षी फिनिक्सला वास्तुरेखाटनाचा अभ्यासक्रम करायला गेला. एकानं लिहिलं, दुसऱ्यांनी नाकारलं, तिसऱ्यानं म्हटलं. कबुलीजबाब म्हणायचा तर तो कोणाचा?

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. एकनाथांच्या भारुडात विंचू चावलेला ‘मी’ आहे, जोगवा मागणारी ‘मी’ आहे, सासरच्या माणसांना कंटाळून भवानीला नवस बोलणारी ‘मी’ आहे. ती नाथांची जबानी आहे असं कुणी म्हणत नाही. पुरुष शाहिरांनी बाईच्या तोंडी घातलेल्या लावण्यांचंही तसंच.

दुसरी गोष्ट वेळेच्या गणिताची. वेस्ट कोस्ट धाटणीची बीट, म्हणजे गाण्यामागचा ताल, साधारण ९० ते १०० बीपीएममध्ये (मिनिटाला इतके ठोके) चालते. ९२ धरला तर चार ठोक्यांचा एक बार २.६ सेकंदांचा. सोळा बारांचं कडवं झालं ४२ सेकंदांचं आणि आठ बारांचा हुक, म्हणजे परत परत येणारं धृपद, २१ सेकंदांचा. तीन कडवी, चार हुक आणि सुरुवातीचे चार बार मिळून गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास बसतं. एकट्याच्या गाण्यात रॅपरकडे ही सगळी वेळ असते. तिघांच्या सामूहिक सिंगलमध्ये त्याच्या वाट्याला ४२ सेकंद येतात, आणि तेवढ्यात त्याला बाकी दोघांपेक्षा वरचढ ठरायचं असतं. पहिल्याच्या कडव्यात एक बंदूक असेल तर दुसऱ्याच्या कडव्यात तीन येतात, तिसरा अख्खा मोहल्ला उठवतो. ही चढाओढ या प्रकाराच्या रचनेतच आहे. फीचरवर आलेला पाहुणा मवाळ कडवं देऊन गेला तर ऐकणारे म्हणतात, याला खाल्लं. म्हणून एकाच माणसाची एकट्याची गाणी आणि दुसऱ्यांबरोबरची गाणी शेजारी ठेवली की दुसरीकडची भाषा हटकून चढलेली आढळते. तपास अधिकारी नेमकी तीच उचलतो, कारण तिच्यात मजकूर ‘जास्त’ असतो.

तिसरी गोष्ट फायलींची, आणि घोळ सगळ्यात जास्त इथे होतात. आज तिघं रॅपर एका खोलीत बसून गाणं करतातच असं नाही. प्रोड्युसर बीटची एकत्र मिसळलेली टू-ट्रॅक फाइल पाठवतो. ज्याला जसं जमेल तसं तो आपलं कडवं रेकॉर्ड करतो आणि कोरडा, म्हणजे काही इफेक्ट न लावलेला, आवाज परत पाठवतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फायली, सगळ्या पहिल्या बारपासून सुरू होणाऱ्या, म्हणजे इकडे आणून टाकल्या की जागच्या जागी बसतात. मुख्य आवाज, डबल (तीच ओळ पुन्हा म्हटलेली) आणि ॲडलिब (ओळींमधल्या आरोळ्या) वेगवेगळ्या ट्रॅकवर. कित्येकदा कडवं दुसऱ्याच, कधी बाहेर न आलेल्या गाण्यासाठी लिहून पडलेलं असतं. बीपीएम जुळला की तेच इथे लावतात. त्यामुळे एका गाण्याला निदान चार तारखा असतात: लिहिल्याची, रेकॉर्ड केल्याची, मिक्स झाल्याची आणि अपलोडची. आरोपपत्रात मात्र बहुधा एकच येते, अपलोडची, कारण ती सगळ्यांना दिसते. खून मार्चमध्ये आणि गाणं मेमध्ये आलं, की गाणं खुनाबद्दलच आहे असं मानलं जातं, मग कडवं दोन वर्षांपूर्वीचं का असेना. फाइल एका डिस्कवरून दुसरीकडे नेली तर ‘तयार झाल्याची तारीख’ बदलू शकते. खरी वेळ शोधायची तर प्रोजेक्ट फाइलच्या जुन्या आवृत्त्या, फोनमधल्या नोट्स आणि पाठवलेल्या व्हॉइस नोट्स तपासाव्या लागतात.

उताऱ्याचा घोळ वेगळाच. ॲडलिब कधीकधी दुसऱ्याचा आवाज असतो. मुख्य ओळीच्या शेवटी मागून कुणीतरी ओरडतो आणि टाइप केलेल्या उताऱ्यात ते शब्द मुख्य रॅपरच्या तोंडी जातात. आपोआप निघालेली सबटायटल्स गल्लीतली भाषा ओळखत नाहीत. त्यावर कळस म्हणजे शब्दांचा अर्थ लावायला ‘टोळीतज्ज्ञ’ म्हणून पोलीसच उभा राहतो. कोणी काय लिहिलं हे सांगणारा कागद या धंद्यात असतो, त्याला स्प्लिट शीट म्हणतात: कोणाचे शब्द, कोणाची चाल, कोणाचे किती टक्के. रॉयल्टीसाठी तो बनतो. तपासात तो सगळ्यांत आधी मागवायला हवा.

व्हिडिओबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण न्यायाधीशांवर चित्राचा परिणाम शब्दांपेक्षा जास्त होतो. सेटवर गाणं स्पीकरवर वाजतं आणि प्रत्येक जण अख्ख्या ट्रॅकवर ओठ हलवतो, एकेका जागी तीन-चार टेक. स्लो-मोशन हवं असेल तर सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनसाठी ५० फ्रेमनं चित्रण करतात आणि ट्रॅक दुप्पट वेगानं वाजवतात, म्हणजे ओठ जुळतात. त्यामुळे जो तरुण पडद्यावर संथ आणि धोकादायक दिसतो तो सेटवर चिमणीच्या आवाजातल्या गाण्यावर घाईघाईनं हात हलवत असतो. मागची गर्दी मेसेज टाकून बोलावलेली असते: मित्र, मित्रांचे मित्र, गल्लीतली पोरं. त्यांतल्या बहुतेकांनी गाणं आधी ऐकलेलंही नसतं. कपड्यांचा रंग अनेकदा दिग्दर्शक ठरवतो. बंदुका बऱ्याचदा एअरसॉफ्टच्या, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला नारिंगी खूण सक्तीची आहे, व्हिडिओसाठी ती काळी रंगवली की कॅमेऱ्याला फरक कळत नाही. आणि मग हीच फ्रेम थांबवून, वर्तुळं काढून, नावं लिहून न्यायालयात दाखवली जाते.

फ्रेममध्ये दिसणं म्हणजे सदस्यत्व, ही समजूत किती खोलवर गेली आहे हे कॅलिफोर्नियाच्या ‘कॅलगँग’ या पोलिसी माहितीसाठ्यानं दाखवून दिलं. टोळीच्या माणसांबरोबर दिसणं, टोळीचे रंग घालणं, हातांच्या खुणा करणं असे निकष लावून माणसं त्यात नोंदली जात. २०१६ साली राज्याच्या लेखापरीक्षकांनी तपासणी केली तेव्हा नोंदीच्या वेळी वय एक वर्षाहून कमी असलेली ४२ माणसं त्यात सापडली. त्यांतल्या २८ जणांपुढे कारण लिहिलं होतं: टोळीत असल्याचं स्वतः कबूल केलं.

अटलांटामध्ये मे २०२२ मध्ये यंग थग, गन्ना हे रॅपर आणि इतर मिळून २८ जणांवर संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली आरोप ठेवले गेले. यंग थगची वायएसएल ही रेकॉर्ड कंपनीच टोळी आहे, असा सरकारी पक्षाचा दावा. कटाच्या पुढची पावलं म्हणून आरोपपत्रात गाण्यांच्या ओळी आणि व्हिडिओ मोजले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी १७ ठिकाणच्या ओळी सशर्त दाखल करून घेतल्या. खटला जॉर्जिया राज्याच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला ठरला. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस यंग थगनं काही आरोप कबूल केले, भोगलेला तुरुंगवास शिक्षेत धरला गेला आणि १५ वर्षांच्या प्रोबेशनवर तो सुटला. शेवटपर्यंत लढलेले दोघे डिसेंबरमध्ये खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटले.

याच्या उलट न्यूजर्सीचा २०१४ चा स्किनर निकाल. खुनाच्या प्रयत्नाचा खटला होता. आरोपीच्या वहीतल्या रॅप ओळी ज्युरीपुढे वाचल्या गेल्या, उतारा १३ पानांचा. त्यांतल्या कितीतरी ओळी घटनेच्या बऱ्याच आधी लिहिलेल्या होत्या आणि घटनेशी त्यांचा धागा नव्हता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की हे दाखल करायला नको होतं. शेरीफला मारल्याचं गाणं लिहिणाऱ्या बॉब मार्लीनं शेरीफला मारलं असं कुणी मानत नाही, कथाकार एडगर ॲलन पोनं आपल्या गोष्टीतल्यासारखं फळ्यांखाली प्रेत पुरलं असंही कुणी मानत नाही, हा दाखला त्या निकालातलाच.

रॅपलाच ही वागणूक का, याचं उत्तर प्रयोगांतून मिळालं आहे. मानसशास्त्रज्ञ कॅरी फ्राइड यांनी नव्वदच्या दशकात एका जुन्या लोकगीताच्या हिंसक ओळी लोकांना वाचायला दिल्या. काहींना सांगितलं हे रॅप आहे, काहींना सांगितलं कंट्री आहे. ओळी त्याच, पण रॅप म्हटल्यावर त्या जास्त धोकादायक वाटल्या. २०१६ मध्ये इतर संशोधकांनी असाच प्रयोग केला, निष्कर्ष तोच. स्टुअर्ट फिशॉफ यांच्या १९९९ च्या अभ्यासात तर एका तरुणाबद्दलचं मत खुनाच्या आरोपानं जितकं बिघडलं त्याहून जास्त त्याच्या गँगस्टा रॅपच्या ओळींनी बिघडलं. म्हणजे ओळी खुनाचा पुरावा म्हणून आणायच्या, आणि परिणाम खुनाच्या आरोपाहून जड!

समोरच्या बाजूचं म्हणणं टाळून चालणार नाही. काही व्हिडिओंत बंदुका खऱ्या असतात. शिकागो आणि लंडनमध्ये मेलेल्या पोरांची नावं घेऊन हिणवणारी गाणी आली आहेत, आणि त्या पोरांच्या आयांनी ती ऐकली आहेत. हे क्रूर आहे, त्याचा बचाव करायचं कारण नाही. अटलांटाच्या सरकारी वकील फॅनी विलिस यांचं म्हणणं असं, की गाण्यातले शब्द आपल्याविरुद्ध वापरले जाऊ नयेत असं वाटत असेल तर गुन्हे गाण्यात कबूल करू नका. ऐकायला हे सरळ वाटतं. पण त्यात ‘कबूल करणं’ आधीच गृहीत धरलंय, आणि सिद्ध करायचं असतं नेमकं तेच. तपासाला दिशा म्हणून गाणं ऐकायला कुणाची हरकत नाही. बंदूक दिसली? शोधा, जप्त करा, पुंगळ्यांशी जुळवा. जुळली तर पुरावा बंदूक आहे, गाण्याची गरजच उरली नाही. जुळली नाही तर गाण्यानं ती जागा भरता कामा नये. रॅपर टुपाक शकूरच्या १९९६ मधल्या खुनाबद्दल २०२३ मध्ये ड्वेन डेव्हिसला अटक झाली. त्याच्याविरुद्ध पुढे आल्या त्या त्याच्या मुलाखती आणि आठवणींचं पुस्तक. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवेल, पण सत्य सांगतोय असं म्हणून केलेलं विधान आणि बीटवरचं कडवं यांत किती अंतर आहे ते इथे स्पष्ट दिसतं.

कॅलिफोर्नियानं या अंतराला कायद्यात जागा दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये सही झालेला आणि जानेवारी २०२३ पासून लागू झालेला तिथला कायदा सांगतो की सर्जनशील अभिव्यक्तीचं पुरावामूल्य अत्यल्प धरावं. अपवाद तीन: ती घटनेच्या जवळच्या काळात निर्माण झालेली असेल, गुन्ह्याशी पुरेसं साम्य असेल, किंवा बाहेर कुणाला माहीत नसलेला तपशील तिच्यात असेल. ‘हा माणूसच तसला’ असं मत बनण्याचा आणि वांशिक पूर्वग्रहाचा धोका न्यायाधीशानं तोलायचा, आणि ही चर्चा ज्युरीच्या गैरहजेरीत व्हायची. आमच्या मते पहिल्या दोन अटी सैल आहेत. सगळं गँगस्टा रॅप एकमेकांसारखंच असतं, त्यामुळे ‘साम्य’ कुणालाही दाखवता येतं. वजन फक्त तिसऱ्या अटीला आहे.

आणि गाण्यांत एवढी ताकद असती तर १९९० च्या त्या सिंगलनंतर लॉस एंजेलिस शांत व्हायला हवं होतं. १९९२ मध्ये त्या शहरात हजाराहून जास्त खून झाले. एप्रिल १९९२ मध्ये वॉट्स भागात टोळ्यांचा तह झाला खरा, पण तो इम्पीरियल कोर्ट्स, निकरसन गार्डन्स आणि जॉर्डन डाउन्स या वसाहतींतल्या माणसांनी बोलणी करून केला. मसुद्यासाठी त्यांनी १९४९ चा इजिप्त-इस्रायल युद्धविराम करार समोर ठेवला होता. गाण्याला तहाचं श्रेय आपण देत नाही, मग खुनाचं का द्यावं?

महाराष्ट्रात हा प्रश्न येऊन ठेपला आहे. एप्रिल २०२३ मध्ये राजकीय टीकेच्या रॅपवरून अंबरनाथ आणि वडाळ्यात दोन तरुणांवर गुन्हे नोंदले गेले. ती गाणी गँगस्टा प्रकारची नव्हती, पण गाणं ऐकून थेट गुन्हा नोंदवायची सवय तीच. पुण्यात कोयता हातात घेतलेल्या रीलवर शस्त्र अधिनियमाचं कलम ४, २५ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७, १३५ लावलं जातं. रस्त्यात खरा कोयता नाचवून दहशत माजवणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. प्रश्न गाण्याच्या व्हिडिओचा आहे, आणि त्याहून मोठा प्रश्न मोक्काचा, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचा.

आपल्याकडे ज्युरी नाही, म्हणून कॅलिफोर्नियाचा कायदा जसाच्या तसा उचलून उपयोग नाही. इथे गाणं नुकसान करतं ते निकालाच्या कितीतरी आधी: रिमांडच्या अर्जात, जामिनाला विरोध करताना, पत्रकार परिषदेत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ४९ नुसार आरोपीचं वाईट चारित्र्य एरवी गैरलागूच आहे. कलम ६३ चं प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू एवढंच सांगतात की दाखल केलेली फाइल मूळ फाइलशी जुळते. फाइलमधलं बोलणं खरं आहे असं ते सांगत नाहीत, पण युक्तिवादात या दोन्ही गोष्टी सर्रास एक केल्या जातात. मोक्का लावायला कलम २३ खाली आधी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी आणि पुढे अपर महासंचालक दर्जाची परवानगी लागते. एकदा तो लागला की कलम २१(४) मुळे जामीन जवळपास बंद. टोळीशी ‘संबंध’ दाखवायला त्या मंजुरीच्या प्रस्तावात व्हिडिओची थांबवलेली फ्रेम जोडली गेली, तर गल्लीत शूटिंग बघायला आलेलं पोर वर्षानुवर्षं आत राहू शकतं.

म्हणून मागणी नेमकी आहे. मोक्काच्या प्रस्तावात आणि रिमांडच्या अर्जात गाणं किंवा व्हिडिओ वापरायचा असेल तर त्यासोबत तीन गोष्टी लेखी द्याव्यात: कडवं कोणी आणि केव्हा लिहिलं याचा आधार, व्हिडिओतल्या हत्याराची जप्ती, आणि गाण्याबाहेरचा किमान एक स्वतंत्र पुरावा. यांतली एकही नसेल तर मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यानं तो भाग वगळूनच प्रस्ताव वाचावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, गृहखात्याचं एक परिपत्रक पुरतं.

पुणे, अमरावती, धारावी इथल्या गटांनी हे परिपत्रक येईपर्यंत थांबू नये. प्रत्येक आवृत्तीची प्रोजेक्ट फाइल ठेवा, तारखेसह ती स्वतःलाच मेल करा. स्प्लिट शीटवर त्याच दिवशी सह्या घ्या. शूटिंगच्या आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या. हत्याराचं पातं लाकडाचं किंवा फोमचं वापरा, त्याची पावती जपा आणि ते वाकवून दाखवणारी एक क्लिप सेटवरच काढून ठेवा. गर्दीतल्या प्रत्येकाकडून एका ओळीचं संमतिपत्र घ्या, त्यात ‘कलाकार म्हणून सहभाग’ हे शब्द असू द्या. अठराच्या आतली पोरं फ्रेममध्ये घेऊच नका.